फ्रान्समध्ये गाडी चालवायची तर दारू तपासायची नळी जवळ ठेवावीच लागते का?

तापीकाठ, चोपडा
राम राम मंडळी. मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे लिऑनला चाललोय. लेक-जावयांना रजा मिळणं अवघड, म्हणून मधले काही दिवस भाड्याची गाडी घेऊन आम्हीच आनेसी आणि शामोनी बघून यायचं घाटतंय. यांना गाडीची धास्ती नाही. चोपडा-शिरपूर रस्त्यावर पावसाळ्यात चालवणारा माणूस कुठेही चालवेल, असं त्यांचं म्हणणं.

अडचण वेगळीच आहे. तिकिटं ज्यांच्याकडून काढली त्या एजंटने हातात एक यादी ठेवली. त्यात ठळक अक्षरांत लिहिलंय, 'ब्रेथ अ‍ॅनलायझर किट, २ नग, अनिवार्य. नसल्यास जागेवर दंड'. आणि हे किट तोच देणार, दोन नगांचे अठराशे रुपये. आमचे हे माळकरी. लग्नात शेजारच्याच्या तोंडाला वास आला तरी ताट उचलून दुसऱ्या पंगतीला जातात. त्यांना यादी वाचून दाखवली तर म्हणाले, "गळ्यात तुळशीची माळ आणि गाडीत दारूची नळी? मी बसने फिरेन."

खरंच लागतं का हे? जो थेंबही घेत नाही त्यालाही? तिथे राहणाऱ्यांनी किंवा गाडी चालवून आलेल्यांनी सांगा. ऐकीव माहिती घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भरपूर झालीय.

खापरमांडे, अमळनेर
माय वं! माळकरी माणूसले दारूनी नयी लई फिरनं पडी का आते? काय जमाना उना!
(ताई, उत्तर माहीत नाही. धागा वर राहावा म्हणून लिहिलं.)

केळीवाला, रावेर
ताई, घेऊन टाका. विमानाच्या तिकिटापुढे अठराशे रुपये म्हणजे काय? माझ्या गाड्या केळी भरून दिल्ली-पंजाबकडे जातात. रस्त्यात अडवलं की कागद दाखव, इशाऱ्याचा त्रिकोण दाखव, औषधाची पेटी दाखव. एक वस्तू कमी निघाली की तिथेच अर्धा तास गेला, आणि माल तर पिकतोय. वाद घालण्यापेक्षा वस्तू जवळ असलेली बरी. तिकडे भाषेचीही बोंब. आमच्या साडूचा मुलगा २०१२-१३ च्या सुमाराला फ्रान्सला फिरून आला, त्याच्या गाडीत होत्या या नळ्या. फोटो पाहिलाय मी.

भुसावळकर, मुक्काम लिऑन
तापीकाठ ताई, एजंटला एक रुपयाही देऊ नका. हा नियम रद्द झालाय.

केळीवाले भाऊंनी फोटो पाहिला असेल, कारण तेव्हा नियम होताच. फ्रान्स सरकारने फेब्रुवारी २०१२ मध्ये हुकूम काढला आणि १ जुलै २०१२ पासून प्रत्येक मोटार चालकाने गाडीत एक न वापरलेली, मुदत न संपलेली तपासणी नळी ठेवावी असं ठरलं. मोपेडवाले तेवढे सुटले. नळीवर फ्रेंच मानकाचा 'एनएफ' शिक्का हवा. परदेशी पाहुण्यांनाही तोच नियम. तुमच्या यादीत 'दोन नग' का, तेही त्यातच आहे. नियम एकाच नळीचा, पण ती एकदा फुंकून वापरली की गाडीत न वापरलेली नळी उरत नाही. म्हणून लोक जोडी ठेवायचे.

दंड किती? ११ युरो. तोही लगेच नाही, १ नोव्हेंबर २०१२ पासून घ्यायचा होता. पण एवढ्या नळ्या बाजारात होत्या कुठे! दुकानात तुटवडा पडला, म्हणून तारीख १ मार्च २०१३ वर ढकलली. मग जानेवारी २०१३ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री मान्युएल व्हाल्स यांनी दंड बेमुदत पुढे ढकलल्याचं जाहीर केलं, आणि शेवटी दंडाचं कलमच वगळलं गेलं. नियम पुस्तकात राहिला, मोडला तर काही होत नव्हतं. अशा लटकत्या अवस्थेत त्याने कितीतरी वर्षं काढली आणि मे २०२० मध्ये तो अधिकृतपणे पुस्तकातूनही गेला. म्हणजे ज्या दंडाची भीती घालून तुम्हाला नळ्या विकतायत तो दंड कधी लागूच झाला नाही. माझा राग एजंटवर आहे तो यासाठी. जुनी यादी असणं एक वेळ समजतं. यादीतली तीच वस्तू स्वतः विकायची आणि वर 'जागेवर दंड' असं ठळक छापायचं, ही निव्वळ लूट आहे.

आता ज्याचा दंड खरोखर होतो ते ऐका. रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम मद्यार्क ही इथली मर्यादा, श्वासात मोजलं तर लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅम. त्याच्या वर सापडलात तर १३५ युरो. ०.८ ग्रॅम गाठलं की तो फौजदारी गुन्हा, मग कोर्ट आलं. नवख्या चालकांना जुलै २०१५ पासून ०.२ ग्रॅमच, म्हणजे एक ग्लास वाइनसुद्धा जड. ताई, जावयांनी इथे परीक्षा देऊन नवं लायसन्स काढलं असेल तर पहिली तीन वर्षं ही ०.२ वाली मर्यादा त्यांना लागू आहे. तुमच्या यजमानांची चिंताच नाही, पण जेवायला गेल्यावर "आज मी चालवतो" असं जावई म्हणाले तर चावी कुणाकडे द्यायची ते आधी ठरवा.

केळीवाला, रावेर
भुसावळकर भाऊ, मानलं. पण नियम गेला तर माल विकला कसा जातो? कुणीतरी घेतंय म्हणूनच विकतायत ना?

डोव्हरपार, मूळ धुळे
मी सांगतो कसा विकला जातो. मी इंग्लंडमध्ये, डोव्हरपासून जवळच राहतो. इथले लोक स्वतःची गाडी बोटीवर चढवून पलीकडे फ्रान्समधल्या कॅलेला उतरतात. २०१२ च्या उन्हाळ्यात बंदराच्या वाटेवरच्या दुकानांत या नळ्यांची झुंबड होती. नंतर दंड बारगळला, पण माल उरला आणि सवयही उरली. आजही 'युरोप किट' म्हणून एक चेनची पिशवी मिळते. आत त्रिकोण, चमकणारी बंडी, औषधपेटी, हेडलाइटला लावायच्या चिकटपट्ट्या, आणि कोपऱ्यात दोन नळ्या. गिऱ्हाईक पिशवीच घेतं, सुट्टा हिशोब करत बसत नाही. त्या पिशवीतल्या बाकी वस्तू कामाच्या आहेत. चिकटपट्ट्या मात्र आम्हा उजव्या स्टिअरिंगवाल्यांसाठी. ताई, तुम्ही तिथलीच गाडी घेणार, तुम्हाला नकोत.

आणखी एक. इंग्लंड-वेल्समध्ये मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम, म्हणजे फ्रान्सच्या भाषेत ०.८. स्कॉटलंडने २०१४ च्या डिसेंबरात ती ५० वर आणली. इथला माणूस "मी तर मर्यादेत आहे" म्हणत दोन पाइंट बिअर मारून बोटीवर चढतो आणि पलीकडे उतरल्या उतरल्या दंडाला पात्र ठरू शकतो. त्याच्या पिशवीत नळ्यांची जोडी असून काय उपयोग? फुंकून बघतंय कोण!

लॅबवाला, शहादा
धागा वाचून राहवलं नाही. पॅथॉलॉजी लॅब चालवतो, त्यामुळे नळीच्या आत काय असतं त्याबद्दल थोडं.

स्वस्तातली नळी म्हणजे काचेची किंवा प्लॅस्टिकची बारीक नळी आणि एक पिशवी. नळीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि आम्ल लावलेले पिवळसर-नारिंगी स्फटिक भरलेले असतात. पिशवी एका दमात फुगवायची, ती हवा नळीतून जाऊ द्यायची, दोन-एक मिनिटं थांबायचं. श्वासात मद्यार्क असेल तर स्फटिक हिरवे पडतात. हिरवा रंग नळीवरच्या रेघेच्या पुढे सरकला की मर्यादा ओलांडली. हा क्रोमियम विषारी असतो, म्हणून वापरलेली नळी नातवंडांच्या हाताला लागू देऊ नका, फोडू तर मुळीच नका.

दोन गोष्टी विक्रेता सांगत नाही. एक, नळीला मुदत असते, साधारण दोन वर्षं. एजंटच्या कपाटातला माल कधीचा आहे ते नळीवर बघा. दुसरी, रसायनाला उष्णता सोसत नाही. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त भट्टी असते. जळगावातल्या एखाद्या गाडीच्या कप्प्यात उन्हाळा काढलेली नळी खरं सांगेल यावर मी पैज लावणार नाही. इलेक्ट्रॉनिक यंत्रांत इंधन-घटाचा सेन्सर असलेली चांगली. त्यात प्लॅटिनमच्या पट्टीवर मद्यार्काचं ऑक्सिडीकरण होतं, त्यातून वीज निघते आणि ती मोजली जाते. पण त्यांनाही ठराविक काळाने कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा पुन्हा जुळवून घेणं, लागतं. ऑनलाइन चारपाचशे रुपयांना मिळणारी खेळणी परफ्यूमच्या वाफेवरही आकडा दाखवतात.

मग नळी बिनकामाची का? पिणाऱ्यासाठी बिनकामाची नाही. तिचा खरा उपयोग दुसऱ्या दिवशी सकाळी. शरीर तासाला लिटरमागे ०.१ ते ०.१५ ग्रॅमच्या आसपास मद्यार्क काढून टाकतं. रात्री बारा वाजता कुणी १.२ वर असेल, तर सकाळी सहाला आंघोळ करून, चहा पिऊन ताजातवाना दिसला तरी तो ०.३ ते ०.६ च्या मध्ये कुठेतरी असणार. लिंबू-मीठ, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही. हळदीच्या रात्री जागून सकाळी वऱ्हाडाची गाडी काढणाऱ्यांनी हा हिशोब वाचावा, फ्रान्सला जाणार असो वा नसो.

तापीकाठ, चोपडा
सगळ्यांचे आभार, खूपच सविस्तर कळलं. लॅबवाले दादा, एक भाबडा प्रश्न. हे रोज होमिओपॅथीचे थेंब घेतात, त्याला स्पिरिटसारखा वास येतो. कुणी फुंकायला लावलं आणि त्यात आलं तर? आयुष्यभर निर्व्यसनी राहून परदेशात दारूत धरले गेले, तर गावात तोंड दाखवायची सोय राहायची नाही.

लॅबवाला, शहादा
प्रश्न भाबडा अजिबात नाही, ताई. थेंब, माउथवॉश, काही खोकल्याची औषधं यांत मद्यार्क असतो आणि घेतल्या घेतल्या फुंकलं तर तोंडातल्या वाफेमुळे आकडा येऊ शकतो. पण ती वाफ तोंडापुरती. पंधरा-वीस मिनिटांत जाते. थेंबांची मात्रा इतकी कमी की रक्तात दखल घेण्याजोगं काही उरत नाही. थेंब नाश्त्याआधी घ्यायला लावा आणि नंतर पाण्याने चूळ भरून निघा, विषय संपला.

नवापूर नाका
फ्रान्सचं चाललंय ते चालू द्या, पण आपल्या खान्देशात याहून कडक सीमा आहे आणि ती ओलांडायला पासपोर्टही लागत नाही! आमच्या नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. एकाच फलाटाच्या एका टोकाला दारूबंदी नाही, दुसऱ्या टोकाला आहे. गुजरातेत मर्यादा-बिर्यादा नाही. परवान्याशिवाय पिणं हाच गुन्हा, मग तुम्ही स्टिअरिंगवर असा की मागच्या सीटवर. सुरतकडे लग्नाला जाणारे नंदुरबार-धुळ्याचे लोक डिकीत बाटली विसरतात आणि नाक्यावर घाम फुटतो. त्यांना कुणी यादी देत नाही.

आणि महाराष्ट्रात तरी काय सैल आहे? मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर १५,००० रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

डोव्हरपार, मूळ धुळे
हे भारी आहे. म्हणजे धुळ्यात ०.३ ला धरतात, लिऑनला ०.५ ला आणि माझ्या गावात ०.८ ला. सगळ्यात कडक कायदा आपलाच आणि तरी आपण परदेशात जाताना "तिकडचे नियम फार कडक" म्हणतो.

केळीवाला, रावेर
कायदा कडक असून काय, तपासणारा हवा ना भाऊ. माझ्या ड्रायव्हरला वर्षानुवर्षांत फुंकायला लावणारे मोजकेच भेटले.

भुसावळकर, मुक्काम लिऑन
फरक तिथेच आहे, केळीवाले. इथे कुठलीही चूक न करता, सहज अडवून फुंकायला लावतात. शनिवारी रात्री गावाबाहेरच्या गोल चौकात तर हमखास. प्रवासी बसमध्ये त्याहून पुढची गोष्ट, २०१५ पासून चालकाने यंत्रात फुंकल्याशिवाय इंजिनच सुरू होत नाही. आणि नळी ठेवायची सक्ती चालकांवरून उठली तशी जबाबदारी विकणाऱ्यांवर आली. जुलै २०२१ पासून दारूच्या दुकानात बाटल्यांच्या रॅकजवळच तपासणी नळ्या विकायला ठेवाव्या लागतात. मला हे जास्त पटतं. ज्याला गरज आहे त्याच्या नजरेसमोर वस्तू, माळकऱ्याच्या गाडीत नको.

ताई, आता खरोखर लागणाऱ्या गोष्टी, कारण यादी फाडून टाकाल आणि त्यात कामाचंही जाईल. त्रिकोण आणि चमकणारी बंडी सक्तीची आहेत. भाड्याच्या गाडीत असतात, तरी गाडी ताब्यात घेताना उघडून बघा. बंडी डिकीत नको, हाताशी हवी, कारण गाडी बंद पडली तर ती घालूनच बाहेर उतरायचं असतं. माझ्या एका ओळखीच्याला भाड्याच्या गाडीत बंडीची रिकामी पिशवी मिळाली होती, आत बंडीच नाही! काउंटरवरच्या मुलीने दुसऱ्या गाडीतली काढून दिली. हायवेवर बंद पडलात तर त्रिकोण लावायला मागे चालत जाऊ नका, तिथे तेच जास्त धोक्याचं. दोघंही कठड्यापलीकडे उभे राहा आणि ११२ लावा.

लायसन्सचं काम मात्र आत्ताच करा. आपलं लायसन्स आणि सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. ते तुमच्या आरटीओतच मिळतं, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. चोपडा म्हणजे जळगाव आरटीओ, एमएच-१९. ऑनलाइन 'आंतरराष्ट्रीय लायसन्स' म्हणून चकचकीत कार्ड विकणाऱ्यांना भुलू नका. एजंटच्या यादीत हे आहे का बघा बरं.

तापीकाठ, चोपडा
नाही! नळी आहे, गळ्यातली पैशांची पिशवी आहे, परमिटचं नावच नाही.

खापरमांडे, अमळनेर
कारण त्यात कमिशन नाही.

केळीवाला, रावेर
जाऊ द्या, मी नळी घ्यायचा सल्ला परत घेतो. ताई, लेकीसाठी आमच्याकडची केळी न्या त्यापेक्षा. की त्यालाही बंदी?

भुसावळकर, मुक्काम लिऑन
बंदी नाही, खरं सांगतो. युरोपात ताजी फळं न्यायला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, पण केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना त्यातून सूट आहे. आंबे मात्र अडवतील. पेढे, खवा, तूप नको, दुधाचे पदार्थ चालत नाहीत. कळण्याचं पीठ, उडदाचे पापड खुशाल आणा, एक पाकीट माझ्या नावाने बाजूला ठेवा.

तापीकाठ, चोपडा
पापड नक्की. तर, आज एजंटकडे जाऊन आले. नियम २०२० मध्ये गेला म्हटल्यावर तो म्हणाला, "मॅडम, आम्ही सेफ्टीसाठी देतो." मी म्हटलं, सेफ्टीसाठी असेल तर फुकट द्या. गप्प बसला. नळ्या बिलातून काढल्या. परमिटसाठी सोमवारी जळगावला जातोय. आता यांचा शेवटचा प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, "पोलिसाने अडवून फुंक म्हटलं तर मी माळकरी आहे, फुंकणार नाही, असं सांगता येईल का?"

भुसावळकर, मुक्काम लिऑन
मुळीच नाही! काकांना हे नीट समजावा. फुंकायला नकार देणं हा इथे स्वतंत्र गुन्हा आहे, न पिणाऱ्यालाही. कैद आणि मोठा दंड, दोन्हींची तरतूद आहे. गाडी बाजूला घ्यायची, काच खाली करायची, 'बोंझूर' म्हणायचं आणि सांगतील तसं फुंकायचं. दर वेळी नवी, पाकीटबंद तोंडनळी लावतात, उष्ट्याचा प्रश्न नाही. जवळ स्वतःची नळी असती तरी त्यांनी ती विचारात घेतली नसती, त्यांचंच यंत्र ग्राह्य. शून्य आलं की मिनिटभरात सोडतात.

तापीकाठ, चोपडा
वाचून दाखवलं. "उष्टी नाही ना? मग फुंकतो" म्हणाले.